इंग्रजी क्रियापद चालवायचं कसं: नागपूरकरांसाठी

मराठीतलं 'करणे' हे एकच क्रियापद चालवून पाहा. मी करतो, मी करते, तू करतोस, तू करतेस, तुम्ही करता, ते करतात. मग केलं, केली, केले, करेन, करशील, करायचो. कर्ता बाई की पुरुष, एक की अनेक, मानाचा की बरोबरीचा, शिवाय कर्माचं लिंग कोणतं, एवढं सगळं सांभाळून आपण दिवसभर बोलतो आणि अडखळत नाही. यापुढे इंग्रजीतल्या नियमित क्रियापदाचं ओझं फारच हलकं आहे. त्याला एकूण रूपं चार. तरीही मिहानमधल्या नोकरीसाठी महिनाभर तयारी केलेला हुशार मुलगा इंटरव्ह्यूत 'आय डिडन्ट वर्क्ट देअर' म्हणून जातो. बारा काळांचा तक्ता त्याला तोंडपाठ असतो, पण त्या तक्त्याच्या मुळाशी फक्त चार रूपं आहेत हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. आपली मराठी कुठे मदत करते आणि कुठे चुकीच्या वाटेला नेते, हेही सांगितलेलं नसतं.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी शिकलेल्यांची एबीसीडीच पाचवीत सुरू झाली. त्या पिढीतल्यांनीही हा लेख बिनधास्त वाचावा, इथे पहिल्या पायरीपासूनच चढायचं आहे. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत देतो आहे, म्हणजे उच्चार नीट कळेल. वहीत उतरवताना मात्र ती रोमन लिपीतच लिहा.

पहिली पायरी: चार रूपं आणि तीन जोड्या

'कुक' घ्या, म्हणजे स्वयंपाक करणे. त्याची रूपं अशी: कुक, कुक्स, कुक्ट, कुकिंग. मूळ रूप, 'एस'चं रूप, 'ई-डी'चं रूप आणि 'आय-एन-जी'चं रूप. पाचवं रूप नाही. 'गो'सारख्या अनियमित क्रियापदात 'वेंट' आणि 'गॉन' अशी दोन वेगळी रूपं लक्षात ठेवावी लागतात. नियमित क्रियापदात त्या दोन्ही जागी 'ई-डी'चं एकच रूप चालतं.

मग बारा काळ येतात कुठून? सहाय्यक क्रियापदांतून. सहाय्यक शब्द काळ दाखवतो आणि मुख्य क्रियापद चारपैकी एका रूपात त्याच्यामागे येतं. कोणामागे कोणतं रूप, हे ठरलेलं आहे:

डू, डज, डिड आणि विल यांच्यामागे मूळ रूप.
ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी आणि बीन यांच्यामागे 'आय-एन-जी'.
हॅव, हॅज आणि हॅड यांच्यामागे 'ई-डी'.

या तीन ओळी भिंतीवर लावा. 'डिडन्ट वर्क्ट' का चुकतं ते इथेच कळतं. भूतकाळ 'डिड'ने दाखवून झाला, आता तो 'वर्क'ला पुन्हा लावायचा नाही. 'डज शी वर्क्स' चुकतं तेही याच कारणाने: 'एस' 'डज'मध्ये येऊन गेला. काळाची खूण वाक्यात एकदाच आणि तीही क्रियापदाच्या पहिल्या शब्दावर. 'डिडन्ट वर्क', 'डज शी वर्क'.

अभ्यासाची सुरुवात नियमित क्रियापदांनी करावी असं माझं ठाम मत आहे. अनियमित क्रियापदं दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यातली बरीच रोजच्या वापरातली आहेत, हे खरं. पण बाकी सगळी हजारो क्रियापदं याच एका साच्यात चालतात आणि भाषेत नवं क्रियापद आलं की तेही बहुधा याच साच्यात बसतं. गुगल्ड, टेक्स्टिड, रिचार्ज्ड, फॉरवर्डिड. साचा एकदा हातात बसला की न पाहिलेला शब्दही चालवता येतो.

दुसरी पायरी: स्पेलिंग

बहुतेक शब्दांना नुसता 'एस', 'ई-डी' किंवा 'आय-एन-जी' जोडला की झालं. जिथे थांबून विचार करावा लागतो, त्या जागा मोजक्या आहेत.

शब्द 'ई'ने संपत असेल तर 'ई-डी'ऐवजी नुसता 'डी' लागतो आणि 'आय-एन-जी' जोडताना तो 'ई' गळतो: मूव्ह, मूव्ह्ड, मूव्हिंग. 'ॲग्री'सारखा दोन 'ई'चा शब्द मात्र 'आय-एन-जी'पुढे दोन्ही 'ई' राखतो. शेवटी 'आय-ई' असेल, जसं 'टाय', तर 'आय-एन-जी'पूर्वी त्याचा 'वाय' होतो.

'वाय'ने संपणाऱ्या शब्दात त्याच्या आधीचं अक्षर पाहायचं. 'स्टडी', 'अप्लाय', 'ट्राय' यांत 'वाय'आधी व्यंजन आहे, म्हणून 'आय-ई-एस' आणि 'आय-ई-डी'. 'प्ले'मध्ये आधी 'ए' हा स्वर आहे, म्हणून 'वाय' तसाच राहतो. 'आय-एन-जी'पुढे तर 'वाय' कधीच बदलत नाही. अर्ज भरणाऱ्यांनी 'अप्लाइड'चं स्पेलिंग दहा वेळा लिहून ठेवावं, ते प्रत्येक बायोडेटात येतं. 'वॉश', 'वॉच', 'फिक्स', 'पास' यांसारख्या सी-सी आवाजाने संपणाऱ्या शब्दांना 'एस'ऐवजी 'ई-एस' लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शेवटचं अक्षर दुप्पट करण्यात. एका अक्षरावयवाचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा छोटा शब्द, शेवटी एक व्यंजन आणि त्याच्याआधी एकच स्वर, अशी रचना असेल तर शेवटचं व्यंजन दुप्पट होतं: स्टॉपमध्ये डबल 'पी', प्लॅनमध्ये डबल 'एन'. 'कुक'मध्ये दोन 'ओ' आहेत, म्हणून 'के' एकच. 'हेल्प'च्या शेवटी दोन व्यंजनं आहेत, म्हणून 'पी' एकच. 'डब्ल्यू', 'एक्स' आणि 'वाय' ही अक्षरं दुप्पट होत नाहीत.

मोठ्या शब्दात जोर कुठे पडतो ते ऐकायचं. 'प्रिफर' आणि 'ॲडमिट' यांत जोर शेवटच्या भागावर आहे, तिथे डबल 'आर' आणि डबल 'टी'. 'व्हिजिट', 'ओपन', 'ऑफर' यांत जोर सुरुवातीला आहे, तिथे अक्षर एकच राहतं. 'ट्रॅव्हल' आणि 'कॅन्सल' यांत ब्रिटिश पद्धतीने डबल 'एल' लिहितात आणि आपल्याकडेही तेच चालतं. कॉम्प्युटरवर अमेरिकन इंग्रजी निवडलेलं असेल तर त्याखाली लाल रेघ येऊ शकते. घाबरून खोडू नका, भाषेची सेटिंग बदला.

तिसरी पायरी: 'ई-डी'चे तीन आवाज

या पायरीवर घाई करू नका. 'कुकेड', 'वॉकेड', 'हेल्पेड' असे उच्चार आपल्याकडे सर्रास होतात, कारण लिहिलेलं प्रत्येक अक्षर उच्चारायची देवनागरीची सवय आपल्याला आहे. इंग्रजीत हा शेवट तीन प्रकारे वाजतो आणि कोणता कधी, ते गळ्यावर बोट ठेवून कळतं.

गळ्यावर बोट ठेवून मूळ शब्दाचा फक्त शेवटचा आवाज काढा. 'क', 'प', 'फ', 'स', 'श', 'च' या आवाजांना गळा थरथरत नाही. तिथे 'ई-डी'चा 'ट' होतो: कुक्ट, हेल्प्ट, लाफ्ट, पास्ट, वॉश्ट, वॉच्ट. 'कॉल', 'प्लॅन', 'मूव्ह', 'ओपन', 'प्ले' यांच्या शेवटी गळा थरथरतो, तिथे 'ड' होतो: कॉल्ड, प्लॅन्ड, मूव्ह्ड, ओपन्ड, प्लेड. आणि मूळ शब्दच 'ट' किंवा 'ड'ने संपत असेल तर एक वेगळा अवयव जोडला जातो, 'इड': वेटिड, वॉन्टिड, स्टार्टिड, नीडिड. फक्त इथेच.

दुसरी अडचण उलटी आहे. 'वर्क्ट' म्हणताना शेवटचा 'ट' तोंडातच राहतो आणि समोरच्याला 'आय वर्क देअर' ऐकू येतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी सोडलेली नोकरी आजही चालू आहे असा त्याचा समज होतो. उपाय सोपा आहे. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर 'ट' त्याला जोडून टाका: 'वर्क्ट इन' हे 'वर्क-टिन' असं म्हणा, 'कुक्ट इट' हे 'कुक-टिट' असं. 'ट' आपोआप बाहेर पडतो.

काही जुन्या विशेषणांत मात्र 'इड' अजून पूर्ण उच्चारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकील समोरच्या वकिलाला 'माय लर्निड फ्रेंड' म्हणतात ते याच चालीचं. तोच शब्द 'शिकला' या अर्थी क्रियापद म्हणून आला की उच्चार होतो 'लर्न्ड'.

चौथी पायरी: साधा वर्तमानकाळ

सवय, नेहमीचं काम, कायमची गोष्ट. 'आय कुक एव्हरी मॉर्निंग.' 'माय सिस्टर कुक्स एव्हरी मॉर्निंग.' ही, शी, इट किंवा एकच माणूस, एकच वस्तू कर्ता असेल तर 'एस', बाकी सगळ्यांना मूळ रूप.

नियम एका ओळीचा, पण आपण नेमके आईवडिलांबद्दल बोलताना चुकतो. 'बाबा कोराडीला काम करतात' हे आदरार्थी अनेकवचन आहे. ते मनात असल्यामुळे 'माय फादर वर्क इन कोराडी' असं निघतं. इंग्रजी क्रियापदात आदर दाखवायची सोय नाही. बाबा, सर, मुख्यमंत्री, कोणीही असो, माणूस एक तर 'एस' लागणार: 'माय फादर वर्क्स इन कोराडी.' यात बाबांचा मान कमी होत नाही.

'एव्हरीवन'चंही असंच आहे. मराठीत 'सगळे' म्हणतो म्हणून 'एव्हरीवन लाइक' होतं. इंग्रजीत तो शब्द एकवचनी आहे: 'एव्हरीवन लाइक्स तर्री पोहा.' नकार आणि प्रश्न करताना 'डू' किंवा 'डज' पुढे येतो आणि क्रियापद मूळ रूपात परततं: 'डज युवर फादर वर्क इन कोराडी?'

पाचवी पायरी: चालू काळ, आणि आपल्या बोलीचा फायदा

इथे नागपूरकर चक्क पुढे आहेत. प्रमाण मराठीत 'मी करतो आहे'चं बोलताना 'करतोय' होतं आणि ते 'करतो'च्या इतकं जवळ असतं की फरक पुसट होतो. आपण म्हणतो, 'काय करून राहिला?' 'अभ्यास करून राहिलो.' 'मी अभ्यास करतो' आणि 'मी अभ्यास करून राहिलो' यांची गल्लत आपल्या तोंडी कधीच होत नाही. इंग्रजीलाही नेमका हाच फरक हवा असतो: 'आय स्टडी' आणि 'आय ॲम स्टडीइंग'. या बोलीला कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या, इंग्रजीचा चालू काळ ओळखायला ती फार कामाची आहे.

कसोटी अशी: आत्ता घडणारी गोष्ट मनात 'राहिलो' लावून म्हणून पाहा. नीट बसली तर ॲम, इज किंवा आर आणि त्यामागे 'आय-एन-जी'. 'राहिलो होतो' आलं तर वॉज किंवा वेअर: 'आई स्वयंपाक करून राहिली होती', 'माय मदर वॉज कुकिंग.'

कसोटी फसते ती मनाच्या क्रियांत. आपण सहज म्हणतो, 'मला समजून नाही राहिलं.' इंग्रजीत 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' म्हणू नका, 'आय डोन्ट अंडरस्टँड' म्हणा. वॉन्ट, नीड, लाइक, बिलीव्ह, रिमेम्बर, बिलाँग, ओन, सीम ही नियमित क्रियापदं आणि नो, अंडरस्टँड ही अनियमित, यांना चालू काळ सहसा लावत नाहीत. हवं असणं, आठवणं, मालकीचं असणं या अवस्था आहेत, चालू असलेलं काम नाही.

राहण्याच्या पत्त्यालाही हेच लागू. घर महालात असेल तर 'आय लिव्ह इन महाल'. परीक्षेपुरती नंदनवनला खोली घेतली असेल तर 'आय ॲम लिव्हिंग इन नंदनवन' अगदी बरोबर, कारण तो मुक्काम तात्पुरता आहे.

सहावी पायरी: साधा भूतकाळ

वेळ सांगितलेली, संपलेली गोष्ट. कर्ता कोणीही असो, रूप एकच. आपल्या शहराचा इतिहास यासाठी उत्तम सराव आहे: 'डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ट बुद्धिझम इन नागपूर ऑन 14 ऑक्टोबर 1956.' 'विदर्भ जॉइन्ड बॉम्बे स्टेट इन 1956.' 'द नागपूर मेट्रो स्टार्टिड इन मार्च 2019.' तिन्ही क्रियापदं नियमित आणि तिन्हींत 'ई-डी'चा वेगळा आवाज. मोठ्याने म्हणा.

सापळा आहे तो आपल्या 'होता'चा. 'मी काल तुला फोन केला होता.' मराठीत हे साधं वाक्य आहे आणि नागपुरात शेजारची हिंदीही 'फोन किया था' म्हणून त्याला दुजोरा देते. म्हणून ओठांवर 'आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे' येतं. इंग्रजीला इथे 'हॅड' नको, 'आय कॉल्ड यू यस्टरडे' पुरे. 'हॅड' तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती झाली ते दाखवायचं असतं: 'नागपूर हॅड सर्व्ह्ड ॲज अ कॅपिटल फॉर डेकेड्स बिफोर विदर्भ जॉइन्ड बॉम्बे स्टेट.' जुन्या मध्य प्रांताची राजधानी असणं आधीचं, विदर्भाचं जोडलं जाणं नंतरचं. वाक्यात दुसरी गोष्ट नसेल तर 'हॅड' खोडा.

सातवी पायरी: हॅव, हॅज आणि 'पासून'

'मी अर्ज केला आहे.' काम झालं, त्याचा परिणाम आज आहे: 'आय हॅव अप्लाइड.' इथवर मराठी आणि इंग्रजी बरोबर चालतात. पण मराठीत आपण 'मी कालच अर्ज केलेला आहे' असंही म्हणतो. इंग्रजीत 'काल', 'गेल्या आठवड्यात', '2019 मध्ये' असा संपलेला वेळ आला की 'हॅव' बसत नाही. एक तर 'आय हॅव अप्लाइड', नाही तर 'आय अप्लाइड यस्टरडे'.

आता ती जागा, जिथे नागपुरी कसोटीच उलटते. 'मी दोन वर्षांपासून इथे काम करून राहिलो.' 'राहिलो' ऐकलं म्हणून माणूस म्हणतो, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.' इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर हमखास असंच येतं. गोष्ट मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आली असेल तर इंग्रजीला 'हॅव' लागतोच: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.' 'आय हॅव वर्क्ट हिअर फॉर टू इयर्स' हेही बरोबर. वाक्यात 'पासून' दिसलं की आधी 'हॅव' किंवा 'हॅज' लिहा, मग पुढचा विचार करा.

'सिन्स' आणि 'फॉर' यांची निवड सोपी आहे. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स': सिन्स 2022, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. किती काळ लोटला ते सांगायचं तर 'फॉर': फॉर टू इयर्स, फॉर थ्री मंथ्स. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतं, म्हणून दोन्हीकडे 'सिन्स' लावायचा मोह होतो.

आठवी पायरी: भविष्य

सगळ्या कर्त्यांना 'विल' आणि मूळ रूप: 'शी विल कुक टुमॉरो.' 'विल कुक्स' नाही. आधीच ठरवलेल्या बेताला 'शी इज गोइंग टू कुक' म्हणतात. 'विल बी कुकिंग' म्हणजे त्या वेळी चालू असेल, 'विल हॅव कुक्ट' म्हणजे तोवर झालेलं असेल. पहिल्या पायरीवरच्या तीन जोड्याच इथेही चालतात.

लक्ष द्यायचं ते 'तर' आणि 'तेव्हा' यांकडे. 'तो पोचेल तेव्हा मी फोन करेन' यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो. इंग्रजीत 'व्हेन'च्या भागात 'विल' येत नाही: 'आय विल कॉल यू व्हेन ही अराइव्ह्ज.' जामठ्याच्या स्टेडियमबाहेर आपण म्हणतो, 'पाऊस आला तर मॅच थांबवतील.' मराठीत 'आला', इंग्रजीत 'इफ इट रेन्स, दे विल स्टॉप द मॅच'. 'रेन्ड' नाही आणि 'विल रेन'ही नाही.

सराव कसा करायचा

रोज एक क्रियापद घ्या. वहीचं एक पान. वर चार रूपं लिहा, 'ई-डी'शेजारी ट, ड किंवा इड अशी खूण करा. खाली स्वतःच्या घरातली, कामातली वाक्यं लिहा, प्रत्येकाचा नकार आणि प्रश्नही करा. पुस्तकातली वाक्यं उतरवू नका. मग सगळं मोठ्याने वाचा. मेट्रोने खापरीहून सीताबर्डीला जात असाल तर समोरची माणसं काय करून राहिली आहेत ते मनात 'आय-एन-जी'ने सांगा: 'ही इज वॉचिंग अ मॅच', 'शी इज टॉकिंग टू हर सन'. उतरल्यावर तेच 'ई-डी'ने: 'ही वॉच्ट', 'शी टॉक्ट'. आठवडाभरात जीभ वळायला लागते.

आता एक उत्तर दुरुस्त करून पाहू. असं उत्तर इंटरव्ह्यूत फार ऐकू येतं:

'आय ॲम वर्किंग इन अ मेडिकल शॉप सिन्स टू इयर्स. माय फादर वर्क इन कोराडी. आय हॅव अप्लाइड लास्ट वीक. आय डिडन्ट वर्क्ट इन अ बिग कंपनी, बट आय ॲम वॉन्टिंग टू लर्न.'

पहिल्या फेरीत फक्त काळ दाखवणारे शब्द शोधा. 'टू इयर्स' हा काळ आजपर्यंत चालत आलेला आहे, म्हणून 'हॅव बीन वर्किंग' आणि 'फॉर'. 'लास्ट वीक' संपलेला आहे, म्हणून 'हॅव' खोडून नुसतं 'अप्लाइड'. दुसऱ्या फेरीत कर्ते पाहा: 'फादर' एक आहे, म्हणून 'वर्क्स'. तिसऱ्या फेरीत सहाय्यक शब्दामागचं रूप तपासा. 'डिडन्ट'मागे मूळ रूप हवं. पण इथे अनुभव आजवरचा आहे, वेळ सांगितलेली नाही, तेव्हा 'हॅव नॉट वर्क्ट' जास्त शोभतं. 'वॉन्ट' ही अवस्था आहे, तिला 'आय-एन-जी' नको. दुरुस्त उत्तर असं:

'आय हॅव बीन वर्किंग इन अ मेडिकल शॉप फॉर टू इयर्स. माय फादर वर्क्स इन कोराडी. आय अप्लाइड लास्ट वीक. आय हॅव नॉट वर्क्ट इन अ बिग कंपनी, बट आय वॉन्ट टू लर्न.'

स्वतःचं उत्तर लिहून त्यावरही याच तीन फेऱ्या करा: काळाचे शब्द, कर्ता, सहाय्यकामागचं रूप. तिन्ही एकदम तपासायला गेलात तर एखादी चूक निसटेल, म्हणून फेऱ्या वेगवेगळ्याच ठेवा. हे जमलं की अनियमित क्रियापदांकडे वळा आणि त्यांत आधी बी, हॅव आणि डू ही तीन पूर्ण चालवा. सहाय्यक म्हणून तीच सगळीकडे लागतात.